मोटारीच्या इंजिनांतील धडाके व इंधन-फवारणीचे दोष

रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या जुन्या मोटारींतून बंदुकीच्या बारासारखा आवाज निघाला कीं मुलें टाळ्या पिटतात, बैल बुजतात आणि मोटारीचा मालक आपल्या खिशाकडे पाहतो. कारागीर मंडळी ह्या प्रकारास ‘गाडी फटाके मारते’ असें म्हणतात. यंत्रशास्त्रांत त्यास ‘बॅकफायर’ असें नांव आहे. हा धडाका म्हणजे ताप जसा रोग्याच्या अंगांत चढतो तसें एक लक्षण होय. ताप पाहून लागलीच औषधाची बाटली आणणारा वैद्य जितका भरंवशाचा, तितकाच धडाका ऐकून लागलीच नवा भाग बसविणारा कारागीर. चांगला वैद्य आधीं नाडी पाहतो, जीभ पाहतो, ताप केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें विचारतो. आणि मगच औषधाचें नांव काढतो.

ह्या लेखांत जुन्या मोटारींतील धडाक्यांचें व इंधन-फवारणीच्या दोषांचें निदान कसें करावें हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्यांत विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेले नियम प्रत्यक्ष कामास येतांना दिसतील. पालकांपैकीं ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांचे कांहीं पैसे वांचतील. आणि सावधगिरीचा जो भाग शेवटीं दिला आहे तो वाचून कोणाचे डोळे किंवा हात भाजण्यापासून बचावले, तर लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

१. इंजिनाचें काम

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांत दट्ट्याच्या चार धांवा असतात. पहिल्या धांवेंत आंत घेणारी झडप उघडते, दट्ट्या खालीं येतो आणि हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढलें जातें. दुसरींत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात व दट्ट्या वर जाऊन मिश्रण दाबतो. ही धांव संपतां संपतां स्पार्क प्लगमध्यें ठिणगी पडते. मिश्रण पेटून प्रसरण पावतें व दट्ट्यास जोरानें खालीं लोटतें. ही तिसरी धांव, आणि सारें काम हीच करते. चौथींत बाहेर टाकणारी झडप उघडते व जळलेला वायु सायलेन्सरच्या वाटेनें निघून जातो. इंजिनाचा आंस मिनिटास ३००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटास १५०० वेळां, म्हणजे सेकंदास २५ वेळां, ठिणगी पडावी लागते. इतक्या लगबगींत एखादी गोष्ट किंचित् मागेंपुढें झाली तरी घोटाळा होणार हें उघड आहे.

हें काम सुरळीत चालण्यास तीन गोष्टी लागतात : मिश्रणाचें प्रमाण बरोबर असावें, ठिणगी नेमक्या वेळीं पडावी, व झडपा वेळेवर उघडून घट्ट मिटाव्या. पेट्रोलच्या एका वजनी भागास हवेचे सुमारें १४.७ भाग मिळाले म्हणजे दोन्हीही पुरेपूर खर्ची पडतात. मापाच्या भाषेंत सांगावयाचें तर एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारें साडेनऊ हजार लिटर हवा, म्हणजे एका लहान कोठडीभर हवा, लागते. पेट्रोल ह्याहून कमी पडलें तर मिश्रण ‘विरळ’ झालें असें आपण म्हणूं, व जास्त झालें तर ‘दाट’ झालें असें म्हणूं. हे दोन शब्द पुढें वारंवार येतील, म्हणून विद्यार्थ्यांनीं ते लक्षांत ठेवावे.

२. धडाका कोठें झाला?

सर्व धडाके एका जातीचे नसतात. निदानाचा पहिला प्रश्न हाच कीं, आवाज पुढून, म्हणजे हवा आंत घेणाऱ्या वाटेंतून आला, कीं मागून, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या नळींतून आला? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरानें अर्धें क्षेत्र बाद होतें.

आंत घेणाऱ्या वाटेंतील धडाका बहुधा विरळ मिश्रणानें होतो. विरळ मिश्रण फार सावकाश जळतें. चुलींत ओला ओंडका जसा धुमसत राहतो, तशी ही ज्वाळा चौथी धांव संपेपर्यंत धुमसत राहते. इतक्यांत पुढच्या फेऱ्यासाठीं आंत घेणारी झडप उघडते आणि दारांत उभें असलेलें नवें मिश्रण त्या ज्वाळेनें पेटून मागें उसळतें. हाच परिणाम दुसऱ्या कारणांनींही घडतो. आंत घेणारी झडप जळून किंवा काजळी बसून नीट मिटत नसेल, टायमिंगचा पट्टा दांता चुकून बसला असेल, किंवा प्लगच्या तारांची अदलाबदल झाली असेल, तरी ज्वाळेला मागें जाण्यास वाट मिळते. पुष्कळ चार सिलिंडरी इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. सफाई करतांना कोणीं दोन तारा उलट जोडल्या, तर एका सिलिंडराची झडप उघडी असतांनाच तेथें ठिणगी पडते आणि इंजिन सुरू होण्याऐवजीं तोफ डागतें.

मागील नळींतील धडाक्याची गोष्ट निराळी. तेथें न जळलेलें मिश्रण तापलेल्या नळींत जाऊन पडतें व हवा मिळतांच पेटतें. एखादा प्लग ठिणगी चुकवीत असेल, मिश्रण अतिशय दाट असेल, ठिणगी फार उशिरां पडत असेल, किंवा बाहेर टाकणारी झडप गळत असेल, तर असें होतें. उतारावर पाय काढतांच मागें फटफट आवाज येऊं लागला तर धुराच्या नळीचे सांधेही तपासावे. कारण फुटक्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आंत शिरते, आणि न जळलेल्या पेट्रोलास हवेचीच काय ती वाण असते. ज्या मोटारींच्या नळींत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविलेला असतो, त्यांत अशीं न जळलेलीं वाफारें जळून तो भाग लाल होईपर्यंत तापतो व आंतून वितळून बुजतो. म्हणून ‘नुसता आवाजच तर आहे’ असें म्हणून हा प्रकार चालूं देणें महागांत पडतें.

३. फवारणीची रचना

पूर्वींच्या मोटारींत हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण कार्बुरेटर करीत असे. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनी व ॲम्बॅसडर ह्या मोटारींनीं दीर्घकाळ कार्बुरेटरच वापरला. परंतु युरोपांत पेट्रोल दाबाखालीं फवारण्याचे प्रयोग बरेच आधीं सुरू झाले. १९५१ सालीं जर्मनींतील गुटब्रोड व गोलिआट ह्या लहान मोटारींत फवारणीचीं इंजिनें आलीं. १९५४ सालीं मर्सिडीज-बेंझची ३०० एसएल ही वेगवान मोटार त्याच तत्त्वावर निघाली. १९६७ सालीं बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही विजेच्या नियंत्रणाची पद्धति फोक्सवागन १६०० मध्यें आली, आणि १९७३ सालीं त्याच कंपनीची के-जेट्रॉनिक पोर्शे ९११ मध्यें बसविली गेली. पुढें १९७६ ची गोल्फ जीटीआय, व्होल्व्हो २४०, १९८० नंतरची मर्सिडीज २३०ई अशा अनेक मोटारींत ही दुसरी पद्धति पसरली. आज जुन्या मोटारींचे शौकीन ज्या फवारणीशीं झगडतांना दिसतात ती बहुधा हीच. आणि तींत विजेचा गणकयंत्री मेंदू नसून सारें काम दाब, तरफ व झडपा ह्यांवर चालत असल्यामुळें विद्यार्थ्यांस समजण्यासही ती सोपी आहे. म्हणून आपण तीच उदाहरणादाखल घेऊं.

नांवांतील ‘के’ हें अक्षर जर्मन भाषेंतील ‘अखंड’ अशा अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर आहे. ह्या पद्धतींत पेट्रोलची फवार थांबत नाहीं. इंजिन चालू असेपर्यंत प्रत्येक झडपेमागें ती सारखी चालू असते. टांकीजवळचा विजेचा पंप पेट्रोल ओढून सुमारें पांच बार दाबानें, म्हणजे हवेच्या नेहमींच्या दाबाच्या सुमारें पांचपट दाबानें, पुढें ढकलतो. वाटेंत दाब सांठवून ठेवणारी एक डबी व एक गाळणी असते. पुढें पेट्रोल वाटप-यंत्रांत येतें.

ह्या वाटप-यंत्राशेजारीं एका नरसाळ्यांत एक वाटोळी धातूची तबकडी तरफेच्या टोकावर टांगलेली असते. इंजिन हवा ओढूं लागलें कीं तबकडी उचलली जाते. जितकी हवा जास्त तितकी ती अधिक उचलली जाते. तिच्याबरोबर उचललेली तरफ वाटप-यंत्रांतील एका बारीक दांड्यास वर ढकलते. दांडा वर सरकला कीं त्याच्या भोंवतींच्या नळकांड्यांतील चिरा अधिक उघडतात आणि प्रत्येक सिलिंडराच्या वांट्याचें पेट्रोल वाढतें. थोडक्यांत, हवा स्वतःच आपलें माप देते व त्या मापानें पेट्रोल तोललें जातें. वाण्याच्या तराजूचाच हा प्रकार : एका पारड्यांत हवा, दुसऱ्यांत पेट्रोल.

दांडा भलताच वर उडूं नये म्हणून त्याच्या माथ्यावर पेट्रोलचाच दाब ठेवलेला असतो. इंजिन थंड असतांना हा दाब कमी ठेवतात, त्यामुळें दांडा अधिक उचलला जाऊन मिश्रण दाट होतें. कारण थंड इंजिनांत पुष्कळसें पेट्रोल भिंतींवर थिजतें व त्याची वाफ होत नाहीं. इंजिन तापत जातें तसा दाब वाढवून सुमारें साडेतीन ते पावणेचार बारांपर्यंत नेतात. हें काम करणाऱ्या भागास ‘वॉर्म-अप रेग्युलेटर’ म्हणतात. ह्याखेरीज थंड इंजिन सुरू करतांना क्षणभर जादा पेट्रोल देणारी एक विजेची झडप निराळी असते. इंजिनाचें पाणी तापलेलें असेल तर तिनें मुळींच उघडूं नये अशी योजना केलेली असते.

४. एका दोषांतून दुसरा दोष

ह्या तराजूचें एक मर्म आहे. तबकडीवरून गेलेली हवाच मोजली जाते. तबकडी व इंजिन ह्यांच्या मधल्या वाटेंत कोठेंही एखादें छिद्र असेल, तर तेथून चोरट्या वाटेनें शिरलेली हवा मोजली जात नाहीं. तिच्या वांट्याचें पेट्रोल येत नाहीं. आणि मिश्रण विरळ होतें. रबरी नळीची भेग, सैल झालेला पट्टा, फवाऱ्याच्या बुडाचें कडक झालेलें रबर, ब्रेकच्या निर्वात डबीची फाटलेली पडदी, इतकेंच नव्हे तर तेल ओतण्याच्या टोपणाचें झिजलेलें रबरसुद्धां ही चोरी करूं शकतें. कारण इंजिनाच्या पोटांतील वाफ ओढून नेणारी नळी ह्याच वाटेस जोडलेली असते.

आतां असें समजा कीं, एका बारीक भेगेमुळें मिश्रण विरळ झालें व आंत घेणाऱ्या वाटेंत एक धडाका झाला. धडाक्याचा लोट उलट येऊन तबकडीवर आदळतो. हें होणार हें रचणारांस ठाऊक होतें. म्हणून ज्या रचनेंत हवा खालून वर जाते, तींत तबकडीला आपल्या शून्य स्थानाच्या खालीं झुकण्यास मोकळीक ठेवली आहे व खालीं एक रबरी आडकण बसविलें आहे. परंतु तबकडीच्या वर असलेला रबरी कोपर त्या लोटानें निसटतो किंवा फाटतो. झालें! पहिली भेग केंसाएवढी होती. ही आतां बोटाएवढी झाली. मिश्रण आणखी विरळ होतें, धडाके वाढतात, इंजिन बंद पडतें. कारागीर येतो, फाटलेला कोपर पाहतो, नवा बसवितो आणि ‘दोष सांपडला’ म्हणून पैसे घेऊन जातो. आठ दिवसांनीं नवा कोपरही फाटतो. कोपर हा धडाक्याचा परिणाम होता. तो पुढें स्वतः कारण झाला. पण मूळ कारण ती केंसाएवढी भेग होती आणि ती तशीच राहिली. जो केवळ डोळ्यांस मोठें दिसतें त्यासच कारण मानतो, त्याची अशी फसगत होते.

५. निदानाचा क्रम

आमच्या तर्कशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असेल तेथें कार्य असतें, हा अन्वय. कारण काढून घेतलें कीं कार्य नाहींसें होतें, हा व्यतिरेक. मोटारीच्या निदानांत ह्या दोन कसोट्यांहून अधिक मोलाचें अवजार नाहीं. त्यांना धरून आम्ही पुढील क्रम सुचवितों.

पहिली गोष्ट, विचारणा. धडाका पुढें होतो कीं मागें? थंड असतां कीं तापल्यावर? उभ्या जागीं, वेग घेतांना, कीं उतारावर पाय काढल्यावर? आवाज तालांत येतो कीं अनियमित? तालांत येणारा आवाज बहुधा एका सिलिंडराकडे बोट दाखवितो, आणि अनियमित आवाज सर्वांस समान अशा कारणाकडे. शेवटीं, हें दुखणें सुरू होण्यापूर्वीं मोटारीस कोणीं हात लावला होता काय? ह्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असल्यास शेवटचें काम आधीं तपासावें.

दुसरी गोष्ट, प्लगांची साक्ष. सर्व प्लग काढून क्रमानें फळीवर मांडावे. टोंक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. पांढुरकें असेल तर मिश्रण विरळ किंवा उष्णता अधिक. काळ्या कोरड्या काजळीनें भरलें असेल तर दाट. पेट्रोलनें ओलें असेल तर तेथें ठिणगीच पडत नाहीं. चारही प्लग सारखेच बिघडलेले असतील तर कारण सर्वांस समान शोधावें. एकच निराळा असेल तर त्याच सिलिंडरावर लक्ष ठेवावें.

तिसरी गोष्ट, ठिणगी. पेट्रोलच्या वाटेकडे वळण्यापूर्वीं विजेची वाट निर्दोष आहे ह्याची खात्री करावी. कारण ती तपासणें सोपें व स्वस्त आहे. तारांचा क्रम, तारांवरील भेगा, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या आंत पडलेल्या काळ्या रेघा, रोटरचें जळलेलें टोंक, हीं डोळ्यांनीं दिसतात. कोंकणासारख्या दमट मुलखांत पावसाळ्यांत टोपणाच्या आंत दंव धरतें व ठिणगी भलतीकडे उडी मारते. कोरड्या फडक्यानें पुसतांच धडाके थांबले तर निदान झालें. त्यानंतर टायमिंग लाइटनें ठिणगीची वेळ पाहावी.

चौथी गोष्ट, चोरटी हवा. आपल्या उदाहरणांतल्या फवारणीच्या इंजिनावर एक सुंदर परीक्षा करतां येते. इंजिन उभ्या जागीं चालू ठेवून तेल ओतण्याचें टोपण काढावें. वाट घट्ट असेल तर एकाएकीं न मोजलेली हवा शिरून इंजिन अडखळेल. तें मुळींच अडखळलें नाहीं, तर आधींच कोठेंतरी मोठी चोरी चालू आहे असें समजावें, आणि एकेक नळी व सांधा तपासावा.

पांचवी गोष्ट, दाब. येथें अंदाज चालत नाहीं; दाबमापक लागतो. पंपाचा मूळ दाब, थंड व तापलेल्या स्थितींतील नियंत्रणाचा दाब, आणि इंजिन बंद केल्यावर टिकून राहणारा दाब, असे तीन आंकडे घेऊन त्या त्या मोटारीच्या पुस्तकांतील आंकड्यांशीं ताडून पाहावे. बंद केल्यावर दाब लागलीच उतरत असेल तर तापलेल्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. मग मोटार सकाळीं झटकन सुरू होते, पण बाजारांत दहा मिनिटें उभी केली कीं सुरू होतां होत नाहीं. ह्या एका लक्षणावरून पंपाची परत-झडप किंवा दाब सांठवणारी डबी ह्यांवर संशय घ्यावा.

सहावी गोष्ट, सिलिंडरांतील दाब. झडप गळत असेल तर वरील सर्व परीक्षा निर्दोष निघूनही धडाका राहतो. कॉम्प्रेशन-मापकानें चारही सिलिंडर तपासले म्हणजे ही शंका फिटते.

ह्या सर्वांचा राजा असा एक नियम आहे : एका वेळीं एकच बदल करावा, व तो वहींत लिहून ठेवावा. तीन भाग एकदम बदलून मोटार सुधारली, तर ती सुधारली कशानें हें कधींच कळत नाहीं.

६. दोन उदाहरणें

उदाहरण पहिलें. समजा, एक मोटार सकाळीं सुरू होते, पण वेग देतांच पुढून फटफट असा आवाज येतो. चार मैल चालली कीं सर्व ठीक. धडाका पुढें, म्हणून मिश्रण विरळ असावें. दोष थंडपणींच दिसतो, म्हणून थंडपणीं मिश्रण दाट करणारा भाग आपलें काम करीत नसावा. अशा वेळीं थंड इंजिनावर नियंत्रणाचा दाब मोजावा. तो आरंभापासूनच तापलेल्या इंजिनाइतका उंच असेल, तर वॉर्म-अप रेग्युलेटर दोषी, किंवा त्याची परतीची वाट तुंबलेली. दाब बरोबर निघाला, तर रबराच्या सांध्यांकडे वळावें. थंडपणीं आंखडलेले सांधे तापल्यावर फुगून मिटतात, आणि चोर सकाळींच तेवढा चोरी करतो.

उदाहरण दुसरें. समजा, मागून तालांत धडाके येतात, आणि फक्त तिसऱ्या सिलिंडराचा प्लग ओला आहे. तिसरा व दुसरा प्लग अदलाबदल करावे. ओलेपणा दुसऱ्या सिलिंडराकडे गेला तर प्लग दोषी. तिसऱ्याकडेच राहिला तर प्लग पूर्ववत् ठेवून दोन तारांचें तसेंच करावें, मात्र ठिणगीचा क्रम बिघडूं नये म्हणून तारांचीं दोन्ही टोंकें बदलावीं. तरीही दोष हलला नाहीं तर टोपणाचें तिसरें टोंक, तिसरा फवारा व शेवटीं तिसरी झडप ह्या क्रमानें जावें. येथें एकही नवा भाग विकत न घेतां आरोपी सांपडतो. मोटारीनेंच मोटारीची परीक्षा केली.

विजेच्या नियंत्रणाच्या जुन्या फवारणींतही हीच रीति चालते. तेथें पाण्याची उष्णता सांगणारा एक लहान भाग असतो. तो थंडपणीं विजेस अधिक विरोध करतो व तापल्यावर कमी. त्याची तार तुटली कीं विरोध अपार होतो. नियंत्रकास वाटतें कीं इंजिन बर्फासारखें गारठलें आहे. आणि तें पेट्रोलचा मारा करीत सुटतें. काळा धूर, काळे प्लग व मागील धडाके दिसले, तर महागडा नियंत्रक बदलण्यापूर्वीं ही एक तार पाहावी.

७. आजच्या पेट्रोलचा परिणाम

आपल्या देशांत २०२३ सालापासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें. महाराष्ट्रांतील उसाच्या मळ्यांशीं ह्या इथेनॉलचा निकट संबंध आहे, हें आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. इथेनॉलच्या एका वजनी भागास हवेचे केवळ नऊच भाग लागतात. त्यामुळें वीस टक्के मिश्रणास सुमारें साडेतेरा भाग हवा पुरते. जी जुनी मोटार १४.७ भागांच्या हिशेबानें पेट्रोल तोलते व धुराची परीक्षा करून स्वतःस सुधारूं शकत नाहीं, तिच्यांत हें पेट्रोल घातलें कीं मिश्रण शेंकडा आठच्या सुमारास विरळ होतें. जी मोटार आधींच विरळ अंगाकडे झुकलेली होती, ती आतां पुढून फटफटूं लागते. शिवाय जुन्या जातीचें रबर इथेनॉलनें फुगतें व चिरतें, आणि इथेनॉल हवेंतील पाणी ओढून घेतें. म्हणून जुन्या मोटारीच्या मालकांनीं इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवाव्या, आणि मोटार महिनोन् महिने टांकींत पेट्रोल ठेवून उभी करूं नये.

८. सावधगिरी

आतां सर्वांत महत्त्वाचें. धडाका म्हणजे प्रत्यक्ष अग्नि आहे. हवेच्या गाळणीचें झांकण काढून, तोंड वाकवून कोणीं आंत पाहत असतां इंजिन फिरवूं नये. गाळणी ही ज्वाळेस अडविणारी भिंतच होय. सुरू होत नाहीं म्हणून हवेच्या वाटेंत हातानें पेट्रोल ओतूं नये. ह्या एका संवयीनें कित्येकांनीं आपले हात व चेहरे पोळून घेतले आहेत. फवारणीच्या नळ्यांत इंजिन बंद केल्यावरही दाब शिल्लक राहतो. पेंच सैल करतांच पेट्रोलची चिळकांडी उडते, व ती तापलेल्या धुराच्या नळीवर पडली तर भडका उडतो. म्हणून असें काम इंजिन थंड असतां, फडकें गुंडाळून, बॅटरीची तार सोडून, मोकळ्या हवेंत व आग विझविण्याचें साधन जवळ ठेवूनच करावें. ठिणगीच्या तारांत हजारों व्होल्टांचा दाब असतो; चालू इंजिनावर त्या हातानें उपटूं नयेत. बंद कोठडींत इंजिन चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, आणि तो माणसास झोंपेंतच नेतो. मुलांनीं ह्यांपैकीं पेट्रोलचें कोणतेंही काम वडील माणसांच्या देखरेखीवांचून करूं नये. पाहणें, ऐकणें, विचारणें व वहींत टिपणें हें मात्र सर्व वयांच्या मुलांस मोकळें आहे, आणि निदानाचा मोठा भाग तोच आहे.

९. समारोप

निदानाचा सारा अर्थ एका लहानशा प्रश्नांत सांठविलेला आहे : ‘कशावरून?’ अमुक भाग बिघडला आहे असें कोणीं सांगितलें, तर विनयानें विचारावें, ‘कशावरून?’ जो कारागीर आपला धंदा जाणतो त्यास ह्या प्रश्नाचा राग येत नाहीं. तो प्लग दाखवितो, दाबमापक दाखवितो, व आपणांस शहाणें करून सोडतो. हाच प्रश्न आपण स्वतःसही विचारावा. कारण आपल्या मनांत आधींच ठरलेलें उत्तर हें सर्वांत मोठें विघ्न असतें. परमेश्वरानें ही सृष्टि नियमबद्ध निर्माण केली आहे. यंत्र त्या नियमांबाहेर जात नाहीं आणि खोटीही साक्ष देत नाहीं. तिचें म्हणणें धीरानें ऐकून घेण्याची बुद्धि मात्र आपण आपल्या ठायीं जोपासली पाहिजे. ती मोटारीपुरतीच कामाची आहे असें नाहीं. घरांतील भांडण, वर्गांतील अपयश, गांवांतील रोगराई, ह्यांतही दिसणारा परिणाम व मूळ कारण ह्यांची अशीच गल्लत होत असते, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. विरळ मिश्रणाचा धडाका आंत घेणाऱ्या वाटेंतच कां होतो, हें चार धांवांच्या आधारें सांगा.

२. इंजिन मिनिटास २४०० फेरे फिरत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदास किती ठिणग्या पडतील?

३. तेल ओतण्याचें टोपण काढूनही इंजिन अडखळलें नाहीं, तर कोणतें अनुमान निघतें?

४. फाटलेला रबरी कोपर हा एकाच वेळीं परिणाम व कारण कसा होतो?

५. अन्वय व व्यतिरेक ह्यांचें एकेक उदाहरण आपल्या घरांतील एखाद्या यंत्रावरून, जसें सायकल, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप, शोधून लिहा.